वडिलांनी विकत घेतलेली चित्रे हॉटेलच्या कॅलेंडरवर आणि वाइनच्या लेबलवर छापता येतील का?

गोदातीर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. वडिलांनी जमवलेल्या चित्रसंग्रहाच्या व्यावसायिक वापराबद्दल जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नाशिकमध्ये आमचे एक हॉटेल आहे आणि गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यांना लागून, एक छोटे रिसॉर्ट आहे. वडिलांना चित्रांची मनापासून आवड होती. मुंबईला कामासाठी गेले की जहांगीर कलादालनात डोकावल्याशिवाय ते परतत नसत, आणि नाशिकच्या चित्रकारांकडून तर ते थेट घरी जाऊन चित्रे घेत. त्यामुळे आज आमच्याकडे गोदाघाटाची, सरकारवाड्याची, जुन्या गल्ल्यांची बरीच जलरंगचित्रे आहेत, काही तैलचित्रे आहेत, रवि वर्मा छापखान्यातील जुन्या तसबिरी आहेत, आणि हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे एक जुने छापील चित्रही आहे. याशिवाय रिसॉर्टच्या भोजनगृहातील एक अख्खी भिंत पेठ तालुक्यातील वारली चित्रकारांकडून आम्ही मोबदला देऊन रंगवून घेतली आहे. बहुतेक खरेदीच्या पावत्या वडिलांनी जपून ठेवलेल्या आहेत.

आता २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने येणाऱ्या पाहुण्यांसाठी या चित्रांचे कॅलेंडर काढावे, ओळखीच्या एका वायनरीबरोबर खास लेबलची बाटली करावी, खोल्यांच्या की-कार्डवर आणि वेबसाइटवर चित्रे घ्यावीत, आणि जी चित्रे नुसती गोदामात पडून आहेत ती अंबड-सातपूरच्या कंपन्यांना कार्यालयात लावण्यासाठी भाड्याने द्यावीत, असा विचार आहे. जाहिरातीचे काम पाहणाऱ्या एजन्सीचे म्हणणे असे की चित्र तुमचे, पावती तुमची, मग कुणाला विचारायचे कारण काय? मला मात्र हे पटत नाही. वडील चित्रकारांना घरातल्या माणसासारखे वागवत. त्यांच्या संग्रहातून आम्ही पैसे मिळवणार असू, तर कायद्याने आणि माणुसकीने जे योग्य असेल तेच करायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.


पंचवटीकर वकील यांचे उत्तर

आपली शंका रास्त आहे आणि एजन्सीचे म्हणणे चुकीचे आहे. पावतीने आपल्या वडिलांना कॅनव्हास मिळाला, कागद मिळाला, चौकट मिळाली. त्या चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क त्या पावतीबरोबर आला नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये कलाकृतीच्या प्रती काढणे, त्या लोकांपर्यंत पोहोचवणे, सपाट चित्राची त्रिमितीय वस्तू करणे, तिचे रूपांतर करणे असे जे हक्क सांगितले आहेत, ते सर्वसाधारणपणे चित्रकाराचे असतात, आणि कलम १९ प्रमाणे ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. साध्या विक्रीच्या पावतीवर असे काही लिहिलेले नसते. म्हणून चित्र भिंतीवर लावा, विका, मुलीला लग्नात द्या, आपली मर्जी. पण कॅलेंडर, लेबल, की-कार्ड आणि वेबसाइट या चारही ठिकाणी परवानगी लागेल.

किती काळापर्यंत लागेल, हा पुढचा प्रश्न. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत असतो आणि त्याच्या निधनानंतर पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. राजा रवि वर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरील हक्क केव्हाच संपला. एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रे १ जानेवारी २००५ पासून मोकळी आहेत. पण दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांसाठी प्रसिद्ध असलेल्या चित्रकारांपैकी दीनानाथ दलालांचे निधन १९७१ चे आणि रघुवीर मुळगावकरांचे १९७६ चे, म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क अनुक्रमे २०३१ आणि २०३६ च्या अखेरीपर्यंत चालू राहतो. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ‘आता सगळ्यांचीच’ समजून छापणारे अनेक जण आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

आपल्याकडील दिवा धरलेल्या स्त्रीच्या चित्राबद्दल विशेष काळजी घ्या. ओंजळीने ज्योत झाकून उभी असलेली, चेहऱ्यावर खालून उजेड पडलेली स्त्री, असे ते चित्र असेल तर ते रवि वर्मांचे नाही. कॅलेंडरवाल्यांनी वर्षानुवर्षे ते त्यांच्या नावावर खपवले आहे. ते सावळाराम हळदणकरांचे जलरंगचित्र आहे, त्यांची स्वतःची मुलगी त्यासाठी उभी राहिली होती, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हळदणकर १९६८ मध्ये गेले, त्यामुळे त्याचा हक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत टिकतो. रवि वर्मांच्या तसबिरींबरोबर हेही कॅलेंडरवर गेले, तर सिंहस्थाच्या वर्षातच आपल्या हातून उल्लंघन होईल.

रवि वर्मा छापखान्याच्या ज्या तसबिरी खुद्द रवि वर्मांच्या चित्रांवरून केलेल्या आहेत, त्या मात्र आपण निःशंकपणे वापरू शकता. फक्त एखाद्या संग्रहालयाच्या किंवा छायाचित्रसंस्थेच्या वेबसाइटवरून प्रतिमा उचलू नका, कारण तिथे वापराच्या अटी वेगळ्या असतात. स्वतःच्या घरातील तसबिरीचे छायाचित्र काढून घ्या, म्हणजे वाद उरत नाही.

वारली भिंतीचे उत्तर उलट येते. मोबदला देऊन सांगून करवून घेतलेल्या चित्राच्या बाबतीत, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे करवून घेणारा हाच पहिला हक्कदार ठरतो. म्हणजे त्या भिंतीच्या प्रतींचा हक्क बहुधा आपल्याकडे आहे. तरीही कलम ५७ चे विशेष हक्क, म्हणजे चित्रकार म्हणून स्वतःचे नाव लावले जाण्याचा आणि कलाकृतीची मोडतोड करून स्वतःच्या लौकिकाला बाधा आणू न देण्याचा हक्क, चित्रकारांकडेच राहतात. कॉपीराइट विकला तरी ते विकले जात नाहीत.

करार करताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. लिहिले नाही तर कायदा मुदत ५ वर्षे आणि प्रदेश भारत असे धरतो. आपली बाटली उद्या दुबईला जाणार असेल तर ही त्रुटी महागात पडेल. वापर कोणता, प्रती किती, कोणत्या वस्तूवर, हेही लिहा. ‘सर्व हक्क कायमचे’ असे एका ओळीत लिहून घेणारे मसुदे एजन्सीकडे तयार असतात. माझा सल्ला असा की असा मसुदा चित्रकारापुढे ठेवूच नये. आपल्याला एका कॅलेंडरचा हक्क हवा आहे, तर तेवढाच घ्यावा आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत.


जलरंग यांचे उत्तर

माझे वडील नाशिकमध्ये चित्रकला शिकवत आणि आयुष्यभर घाटावर बसून चित्रे काढत. त्यांच्या माघारी त्यांच्या चित्रांचे सगळे मी पाहते, म्हणून वारसांच्या बाजूने लिहिते.

एका कंपनीने वडिलांचे एक चित्र विकत घेतले होते. काही वर्षांनी त्या कंपनीची डायरी एका नातेवाइकांच्या घरी माझ्या हातात आली आणि मुखपृष्ठावर तेच चित्र होते. कुणी विचारले नव्हते, हे दुःख होतेच. पण त्याहून मोठे दुःख चित्राचे जे केले होते त्याचे होते. पहाटेच्या घाटाचे ते चित्र. वरचा दोनतृतीयांश भाग नुसते आकाश, ओल्या कागदावर एका दमात सोडलेला फिका जांभळा वॉश, आणि खाली अगदी थोड्या जागेत पायऱ्या आणि दोन माणसे. त्या आकाशावर कंपनीचे नाव सोनेरी अक्षरांत छापले होते, आणि डायरीच्या आकारात बसवण्यासाठी उजवी बाजू कापली होती. वडिलांची सही नेमकी त्याच बाजूला असायची. म्हणजे जे त्यांनी मोकळे ठेवले होते ते भरले गेले आणि जे त्यांनी लिहिले होते ते गेले.

म्हणून आपल्याला माझी कळकळीची विनंती आहे की परवानगी मागताना नुसते ‘आपले चित्र छापायचे आहे’ असे विचारू नका, तर ते कसे दिसेल त्याचा नमुना दाखवा. चित्र पूर्ण छापणार की त्यातला तुकडा घेणार, त्यावर अक्षरे येणार का, रंग बदलणार का, नाव कुठे येणार, हे वारसांना आधी कळले पाहिजे. कलम ५७ चे हक्क वारसांनाही बजावता येतात, हे वर आलेले नाही म्हणून नोंदवते. पण भांडण्यापेक्षा आधी दाखवून घेतलेले कितीतरी चांगले. बहुतेक वारस आनंदाने होकार देतील. वडिलांचे चित्र हजारो घरांत जाणार, याचे सुख आम्हाला पैशापेक्षा कमी नसते. मात्र हे सुख आहे म्हणून पैसे देऊ नयेत, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. छपाईवाल्याला, डिझायनरला, कागदवाल्याला ठरल्या दिवशी बिल मिळते आणि चित्रकाराला ‘तुमचे नाव होईल’ असे सांगितले जाते, हा प्रकार आपल्या शहरात फार चालतो.


मळेवाला यांचे उत्तर

वाइनच्या लेबलबद्दल थोडे लिहितो. फ्रान्समधील शातो मूतों रोथशिल्ड ही वायनरी १९४५ पासून जवळपास दरवर्षी वेगळ्या चित्रकाराचे चित्र लेबलच्या माथ्यावर छापते. साल्व्हादोर दाली, शागाल, १९७३ च्या बाटलीवर पिकासो, १९७५ ला वॉरहोल आणि २००९ ला आपल्या मुंबईत जन्मलेले अनीश कपूर, अशी ती मालिका आहे. चित्रकारांना मोबदला रोख नाही, तर वाइनच्या पेट्यांच्या रूपाने दिला जातो, आणि आज त्या लेबलसाठी बाटल्या जपून ठेवणारे संग्राहक जगभर आहेत. नाशिकच्या चित्रकारांची अशी मालिका निघाली तर मला फार आनंद होईल.

दोन व्यवहारी गोष्टी मात्र आधी पाहा. लेबलला राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी लागते, त्यामुळे चित्रकाराशी करार करताना मंजुरी न मिळाल्यास काय, हे लिहून ठेवावे. आणि दुसरे, त्याहून महत्त्वाचे : आपल्याकडील बरीच चित्रे गोदाघाटाची आहेत. रामकुंड, काळाराम मंदिर, स्नान करणारे भाविक यांपैकी काहीही मद्याच्या बाटलीवर नको. कायद्याने अडवले नाही तरी नको. मळ्यांची, डोंगरांची, पावसाची चित्रे आपल्या संग्रहात असतीलच. लेबलसाठी ती घ्या आणि घाट कॅलेंडरसाठी ठेवा.


जलरंग यांचे उत्तर

मळेवाला यांच्या सूचनेशी सहमत आहे, पण वस्तुरूप मोबदल्याच्या उदाहरणाबद्दल एक शब्द. एअर इंडियाने आपला प्रसिद्ध संग्रह उभा करताना सुरुवातीच्या काळात अनेक चित्रकारांना विमानाची तिकिटे दिली, आणि १९६७ मध्ये दालींनी त्यांच्यासाठी केलेल्या अॅश-ट्रेच्या बदल्यात हत्तीचे पिल्लू मागून घेतले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दालींना ते शोभले, आणि परदेश पाहण्याची संधी मिळालेल्या तरुण चित्रकारांना ती तिकिटेही मोलाची वाटली असतील. पण नाशिकरोडला भाड्याच्या खोलीत राहून कॅनव्हास विकत आणणाऱ्या मुलीला वाइनच्या पेट्या देऊ नयेत. तिला पैसे द्यावेत, आणि आवडीने द्यायची असेल तर बाटली वर द्यावी.


गोदातीर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. हळदणकरांच्या चित्राबद्दल कळले नसते तर अनर्थ झाला असता. एजन्सीच्या कच्च्या मसुद्यात ते जानेवारीच्या पानावर होते.

दोन अडचणी उरतात. काही चित्रांवर नुसती आद्याक्षरे आहेत आणि चित्रकार कोण ते आम्हाला शोधता आलेले नाही. त्यांचे काय करावे? आणि रिसॉर्टचा विस्तार करताना भोजनगृहाची वारली भिंत पाडावी लागेल, असे वास्तुविशारद सांगत आहेत. भिंत आमची आहे आणि चित्राचा हक्कही आमच्याकडे आहे, तर त्यात काही अडचण येईल का?


पंचवटीकर वकील यांचे उत्तर

भिंत पाडण्यापूर्वी कृपया थांबा. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे प्रचंड भित्तिशिल्प होते. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते काढून गोदामात टाकले गेले आणि त्याचे तुकडे झाले. शिल्प सरकारने करवून घेतलेले, सरकारच्या मालकीचे होते. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ५७ च्या आधारे सहगलांच्या बाजूने निकाल दिला, उरलेले अवशेष त्यांना परत करायला सांगितले आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कलाकृती नष्ट करणे हे तिच्या विटंबनेचे टोकाचे रूप आहे, अशी भूमिका त्या निकालात घेतलेली आहे. चित्र न लावता ठेवून देणे वेगळे. ते कायद्याने चालते. भिंत पाडणे वेगळे. चित्रकारांना बोलवा, बांधकामाचा नकाशा दाखवा, आणि शक्य असल्यास भिंत वाचवा. नसेल तर उत्तम छायाचित्रण करून घ्या, नव्या भिंतीचे काम त्यांनाच नव्या मोबदल्यावर द्या आणि त्यांची लेखी संमती घ्या.

चित्रकार सापडत नसेल तर कलम ३१-क खाली न्यायालयाकडे परवाना मागण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी जाहिरात, अर्ज, सुनावणी असा मोठा खटाटोप आहे. एका कॅलेंडरसाठी तो करण्यात अर्थ नाही. ती चित्रे भिंतीवर राहू द्या, छापू नका. त्यांच्याखाली ‘चित्रकाराची माहिती असल्यास कळवावे’ अशी पाटी लावा. नाशिकसारख्या गावात अशा पाटीचा उपयोग होतो.


पेठहून यांचे उत्तर

भिंतीबद्दल कायदा वर आला आहे. मी दुसरे सांगतो, कारण आमच्याकडची मुले ही कामे करायला शहरात जातात.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनाची (जीआय, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) नोंदणी मिळाली. म्हणून त्या भिंतीच्या आकृत्या एजन्सीतल्या कुणाकडून संगणकावर पुन्हा काढून घेऊन त्या ‘वारली’ म्हणून मगांवर आणि पिशव्यांवर विकू नयेत. कलम १७ ने भिंतीचा हक्क तुमच्याकडे आला असेल, पण रोजंदारीवर भिंत रंगवणाऱ्या माणसाला त्या दिवशी हे कुणी समजावून सांगितलेले नसते की यापुढे याचे कॅलेंडर निघाले तरी तुझा काही संबंध नाही. तुम्ही आपणहून प्रत्येक वापराचे वेगळे पैसे द्यावेत आणि कॅलेंडरवर चित्रकारांची पूर्ण नावे गावासह छापावीत. ‘वारली कला’ एवढेच छापले की ते काम कुणाचेच नसल्यासारखे होते.

आणखी एक. त्या भिंतीवर चौकोनी नक्षीच्या मध्ये देवी काढलेली आहे का, ते नीट पाहा. तो देवचौक असेल तर ती पालघट देवी आहे. लग्नाच्या वेळी सवाशिणी तो चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात. तारपा नाच, शेती, झाडे, माणसे यांना हरकत नाही, पण देवचौक की-कार्डवर किंवा बाटलीवर घेण्याआधी चित्रकारांना विचारा आणि ते नको म्हणाले तर आग्रह धरू नका.


सातपूर ऑफसेट यांचे उत्तर

छपाईच्या बाजूने थोडक्यात. तैलचित्रांचे छायाचित्र मोबाइलवर काढून पाठवू नका. वार्निशवर चमक येते आणि गडद भाग मेलेले दिसतात. दोन बाजूंनी सारखा प्रकाश, दिव्यांवर आणि लेन्सवर चमक कापणारे पोलरायझिंग फिल्टर, आणि चित्राशेजारी रंगपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे प्रूफ, अर्थात छपाईआधीचा नमुना, मूळ चित्राशी ताडून पाहता येते. जलरंगातले फिके वॉश ऑफसेटमध्ये सर्वांत आधी उडतात. त्यासाठी कोटिंग नसलेल्या कागदावर एक प्रूफ काढून ते चित्रकाराला किंवा वारसांना दाखवा.

आणि फाइलची काळजी घ्या. कॅलेंडर छापून झाले की फाइल प्रेसच्या संगणकावर राहते, मग कधीतरी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर तेच चित्र उमटते. ऑर्डरमध्येच लिहा की काम संपल्यावर फाइल पुसावी आणि दुसऱ्या कुणाला देऊ नये. आम्हाला असे लिहून दिले तर आवडते, कारण मग आमच्या माणसांनाही सांगता येते.


पंचवटीकर वकील यांचे उत्तर

भाड्याने देण्याचा मुद्दा राहून गेला होता. मूळ चित्र दुसऱ्याच्या कार्यालयात लावायला देण्यात चित्रकाराची सहसा तक्रार नसते, पण ज्या कंपनीला चित्र देणार तिने त्याचे छायाचित्र जाहिरातीत वापरू नये, हे भाडेकरारात लिहिलेच पाहिजे. नाहीतर आपल्याकडे नसलेला हक्क आपण भाड्याने दिल्यासारखे होईल. एखाद्या माहितीपटात चित्र पार्श्वभूमीला सहज दिसले तर कायदा ते चालवून घेतो, पण मुद्दाम चित्रापुढे उभे राहून काढलेली जाहिरात त्यात बसत नाही.

प्रत्येक चित्राची नोंदवही करा : पुढून-मागून छायाचित्र, माप, माध्यम, सही कुठे आहे, पावती, सध्याची अवस्था आणि सध्या ते कुणाकडे आहे. वर एअर इंडियाचा उल्लेख आला. त्या संग्रहातील एक चित्र बाजारात विक्रीला आल्याचे २०१७ मध्ये उघड झाले आणि एवढ्या मोठ्या संग्रहाच्या नोंदींचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. पुढे तो संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. विम्यासाठीही अशी नोंदवही लागतेच. जलरंगचित्रे भाड्याने देऊच नयेत, असे माझे मत आहे. त्यांना ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपासचाच प्रकाश सोसतो, आणि कार्यालयांत दिवे त्याच्या कितीतरी पट प्रखर असतात, शिवाय काचेच्या भिंतीतून ऊन येते ते वेगळेच. तैलचित्रे द्या, तीही पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावणार नाहीत अशा अटीवर. आपली हरकत नसेल तर परवानगीच्या पत्राचा आणि भाडेकराराचा मराठी मसुदा मी येथेच देतो, म्हणजे इतरांनाही तो वापरता येईल.